माक उदा बाळाला सांगते

आमच्या लुबुक जेरिंगमध्ये कुणाला काही ऐकवायचं असेल, तर आधी गावात एखादं मूल जन्माला यावं लागतं.

तसं आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. पाहुणा जेवायच्या वेळेपर्यंत हलत नसेल तर आम्ही त्याला ‘आता निघा’ म्हणत नाही, ‘नदीला पाणी चढतंय वाटतं’ म्हणतो. पाहुणाही इथलाच असेल तर ‘हो, निघायला हवं’ म्हणून चपला शोधतो. अशा गावात खरं बोलायची एकच जागा आहे, ती म्हणजे पाळणा. मूल चाळीस दिवसांचं झालं की त्याचं जावळ काढतात. जरीच्या कापडाची झोळी टांगतात, तिला कागदी फुलं लावतात, आणि बायकांचा जथा भोवती बसून डफावर गातो. आधी अल्लाचं नाव, पैगंबरांची स्तुती, आणि मग बाळाला उपदेश. उपदेश पंतुनात असतो. चार ओळींचं कडवं: पहिल्या दोन ओळींत झाड, पक्षी, नदी, असं काहीतरी, आणि नंतरच्या दोन ओळींत जे सांगायचं ते. बाळ अर्थातच झोपलेलं असतं. जागे असतात ते भात खायला आलेले दीडशे पाहुणे.

त्या जथ्याची म्होरकी माझी आत्या, माक उदा. माक म्हणजे आई, पाक म्हणजे बाप. आमच्याकडे वयानं मोठी झालेली प्रत्येक बाई सगळ्यांची माक असते. आणि उदा हे भावंडांतल्या तिच्या क्रमांकाचं नाव. तिचं खरं नाव कम्सिया, पण ते तिच्या ओळखपत्राखेरीज कुणाला ठाऊक नाही. बुटकी, गोल, तोंडात पान, आणि आवाज असा की माईक लावला तर माईकच संकोचावा. चालताना ती थोडी डुलते. म्हणजे पाळणा हलवायची तिची सवय पायांतसुद्धा उतरली आहे.

तिच्या उपदेशाचा एक नमुना सांगतो. मशिदीची मोठी काहील आहे, साऱ्या गावाच्या जेवणावळी तिच्यात होतात. एकदा ती गावप्रमुखांच्या घरी लग्नाला गेली आणि तिथेच राहिली. लग्न झालं, नवरी नांदायला गेली, पण काहील येईना. पुढे कळलं की गावप्रमुखांची बदकं तिच्यात पोहतात. आता गावप्रमुखांना सांगणार कोण? इमामसाहेब दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन हवापाण्याबद्दल बोलून परत आले. एवढ्यात सुताराकडे मुलगा झाला. जावळाला पहिल्या रांगेत गावप्रमुख बसलेले, आणि माक उदानं डोळे मिटून, अगदी मायेनं, त्या तान्ह्या जिवाला सांगितलं:

नदीकाठी बांबूचे बन,
बगळा उभा एका पायी;
बाळा, मोठे ठेव रे मन,
लोकांची काहील ठेवू नाही.

बाळानं जांभई दिली. गावप्रमुखांनी पाहुण्यांना वाटलेल्या अंड्याला लावलेलं कागदी फूल फार निरखून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काहील मशिदीच्या पायरीवर होती, घासून अशी लख्ख केलेली की इमामसाहेबांनी तिच्यात बघून टोपी सरळ केली. गावप्रमुखांनी माक उदाला एका शब्दानं विचारलं नाही. विचारणार काय? उपदेश तर बाळाला होता. आमच्याकडे नियमच आहे, पाळण्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि जो रागावेल त्यानं आपलं आपण ओळखावं. मासेवाल्या पाक सेमानचा तराजू, शेजारणीच्या फांद्या तोडणारी शाळामास्तरीण, सासूला उरलंसुरलं वाढणारी सून, सगळ्यांना माक उदानं असंच कुणाच्या ना कुणाच्या बाळाकडून निरोप धाडलेत.

पण पाळणा एकटीनं होत नाही. पहिल्या दोन ओळी एकीनं टाकायच्या आणि पुढच्या दोन दुसरीनं उचलायच्या, अशी आमच्या बाजूची रीत. माक उदा झाड, पक्षी, नदी टाकते. बाळाला सांगायचं ते सांगते तिची धाकटी बहीण, माक सू. सू म्हणजे शेंडेफळ. उंच, सडपातळ, आवाज बारीक आणि धारदार. दोघींचे आवाज एकत्र आले की वाटतं, एकाच नदीचे हे दोन काठ. त्या काहिलीच्या कडव्यात बगळा माक उदाचा होता आणि काहील माक सूची. आधी ठरवून नव्हे. ठरवायला बोलावं लागतं, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कितीतरी वर्षं. माझी व्हॅन नवी होती तेव्हापासून.

व्हॅन चालवणं हा माझा धंदा. सकाळी शाळेची मुलं, सुटीच्या दिवशी पाळण्याचा जथा. एकसारखे हिरवे झगे घातलेल्या सात बायका आत बसल्या की व्हॅन केळीच्या घडासारखी दिसते. माक उदा पुढे माझ्या शेजारी, माक सू अगदी मागच्या खिडकीला, आणि मधल्या पाच जणी म्हणजे सरहद्द.

“हमदान,” मागून आवाज यायचा, “पुढे बसलेल्यांना सांग, खिडकी लावा. मागे डोळ्यांत धूळ येते.”

“हमदान,” शेजारून यायचं, “मागे बसलेल्यांना सांग, पापण्या नावाची वस्तू अल्लानं त्यासाठीच दिली आहे.”

मी आरशात बघून म्हणायचो, “माक सू, ऐकलंस ना?”

“ऐकलं कसं नाही? पण तू सांगितलं नाहीस ना अजून. तू सांग, मग मी ऐकते.”

मग मला तो निरोप अक्षरशः पोचवावा लागे. आणि उतरल्यावर ह्याच दोघी झोळीच्या दोन बाजूंना मांडीला मांडी लावून बसत, आणि एकीचा श्वास संपला की दुसरीचा सुरू होई.

भांडण झालं ते लिंदाच्या मागणीवरून. लिंदा म्हणजे माक उदाची थोरली मुलगी, हस्लिंदा. तायपिंगच्या एका चांगल्या घरचं स्थळ आलं होतं. मुलगा, मुलगी दोघांना पसंत, दोन्ही घरांना पसंत. उरली होती ती फक्त मागणीची बोलणी. आमच्यात मागणीला आई-बाप बोलत नाहीत. दोन्हीकडून एकेक बोलणारा असतो, समोर पानाचं तबक, आणि बोलणं पंतुनात. मुलाकडचे म्हणणार, तुमच्या बागेत एक फूल दिसलं. मुलीकडचे म्हणणार, छे, ते कसलं फूल. मुलाकडचे पुन्हा म्हणणार, नाही हो, आम्हाला हेच हवं. मग मुलीकडचे लाजत लाजत हो म्हणणार. पहिल्याच मागण्याला हो म्हणणं म्हणजे मुलगी घरात जड झाली होती असं कबूल करणं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

माक उदाकडून बोलायला माक सू. तिच्याशिवाय दुसरं होतं कोण? तायपिंगकडचा नेहमीचा बोलणारा नेमका तापानं आजारी पडला, आणि त्याच्या जागी मुलाचा एक लांबचा काका आला. अतिशय सज्जन माणूस. सारं आयुष्य परमुलखात नोकरी केलेली, गावच्या रिवाजाशी संबंध ईदपुरता. त्यानं घोकून आणलेलं कडवं म्हटलं. माक सूनं डोक्यावरची ओढणी सावरली आणि उत्तर दिलं:

कुंपणालगत कर्दळ लाल,
रूप दिसे पण वास नाही;
आमच्या पोरीची काय ती चाल,
तुमच्या घरा ती खास नाही.

काय सुंदर म्हटलं होतं! माजघरातून ‘वाहवा’ आली. काकांचा चेहरा पडला. ते तबकाकडे बघू लागले. आम्हाला वाटलं, पुढचं कडवं आठवताहेत. मग ते हळूच म्हणाले, “तुमची इच्छा नसेल तर आमचा आग्रह नाही.” आणि तबक उचलून उभे राहिले. त्यांच्यामागे सगळी मंडळी उभी राहिली. एक सज्जन माणूस ‘नाही’ला ‘नाही’ समजला, ह्यात त्याचा दोष काय?

आणि आम्ही? आम्ही बसून राहिलो. मुलीकडच्यांनी मागे धावायचं म्हणजे शोभा. कुणीतरी हाक मारील, कुणीतरी मारील, असं प्रत्येकाला वाटत असताना तीन गाड्या वळणावरून दिसेनाशा झाल्या. घरात शंभर माणसांचं रेंदांग, म्हणजे मसाल्यात आटवलेलं मांस, शिजलेलं होतं. ते आम्ही नंतर आठवडाभर मान खाली घालून खाल्लं.

“जीभ आवरता आली नाही तिला,” माक उदा म्हणाली. “वाहवा हवी होती.”

“रीत पाळली मी,” माक सू म्हणाली. “समोर ओंडका बसवलाय हे मला कुणी सांगितलं होतं?”

लिंदाचं पुढे वर्षभरात इपोहला लग्न झालं, नवरा भला मिळाला, ती तब्येतीनं आणि संसारानं भरत गेली. तिला त्या तायपिंगवाल्याचं नावसुद्धा आता दोनदा विचारल्यावर आठवतं. पण दोघींचं मिटलं नाही. म्हणजे एकदा मिटायला आलं होतं. त्याच वर्षीच्या ईदला माक उदानं एक बरणी तेंपोयाक घालून मला माक सूकडे धाडलं. तेंपोयाक म्हणजे आंबवलेला डुरियन, फणसासारख्या काटेरी फळाचा गर. त्याचा वास ज्याला आवडतो त्याला स्वर्ग, ज्याला नाही त्याला शेजार सोडावासा वाटतो. माक सूला त्यात शिजवलेला नदीचा मासा म्हणजे जीव की प्राण. ती दारात आली, बरणीकडे बघितलं आणि म्हणाली, “कशाला उगाच? आहे की घरात माझ्या.”

मी बरणी घेऊन परत आलो आणि जसं घडलं तसं सांगितलं.

“नको म्हणाली?”

“आहे म्हणाली घरात.”

“म्हणजे नकोच.” माक उदानं बरणी फळीवर वरच्या बाजूला ठेवली. “संपलं मग.”

आणि संपलं ते त्या दिवसापर्यंत, ज्या दिवशी माक सू व्हॅनमध्ये मागून म्हणाली, “हमदान, ईदनंतर माझ्या दारात हॉर्न वाजवू नकोस.”

“का गं, माक सू?”

“फिर्दौस न्यायला येणार आहे. म्हणतो, एकटी किती दिवस राहशील? पार दक्षिणेला, जोहोरला त्याचं घर आहे. विसाव्या मजल्यावर.”

फिर्दौस तिचा एकुलता एक. तिचा नवरा जाऊन दोन पावसाळे झाले होते. मी शेजारी बघितलं. माक उदा समोरच्या रस्त्याकडे अशी बघत होती जणू तो तिनंच बांधलाय.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “हमदान, विचार त्यांना. विसाव्या मजल्यावर झोळी कुठे टांगतात?”

“सांग त्यांना,” मागून आलं, “लिफ्टला बांधीन. आपोआप हलेल.”

सगळ्या हसल्या. त्या दोघी सोडून.

त्यानंतर माक उदा माझ्या घरी रोज यायला लागली. कधी अडकित्ता मागायला, कधी परत द्यायला. बसायची, पान लावायची, आणि विषय जोहोरवरून जाईल असा काहीतरी काढायची.

“तिकडे म्हणे हवा फार दमट.”

“इथे कुठे कोरडी आहे?”

“तिच्या गुडघ्यांना सोसायची नाही.”

“मग सांग ना तिला, राहा म्हणून.”

“मी?” पान हातातच राहिलं. “मोठी आहे मी तिच्यापेक्षा. आणि नाही म्हणाली तर? एकदा तोंडघशी पडले ते पुरे नाही?”

तिचा नवरा पाक उदा तेव्हा आमच्या पायरीवर बसून जाळं विणत होता. हा माणूस दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं मी शिंक येण्याआधी बोलतो. त्यानं दाताखाली धरलेला दोरा तोडला आणि म्हणाला, “तायपिंगवाल्यांनीही एकदाच विचारलं होतं.”

“तुम्हाला कुणी विचारलं?” माक उदा कडाडली. पाक उदा पुन्हा जाळ्यात गेला. पण ती त्या दिवशी अडकित्ता इथेच विसरून गेली.

आणि मग लिंदाला तीन मुलग्यांवर मुलगी झाली. जावळ माक उदाच्या घरी करायचं ठरलं. ज्या घरातून तबक परत गेलं होतं त्याच घरी, आणि त्या दिवसानंतर माक सूनं त्या घराची पायरी चढली नव्हती. आमच्यात आमंत्रण घरी जाऊन, समोर बसून द्यायचं असतं. माक उदानं अख्ख्या गावाला तसं दिलं. माक सूच्या फाटकाशी ती दोनदा जाऊन आली, असं समोरची दुकानदारीण सांगते. शेवटी मलाच पाठवलं.

“सांग, जथ्याला बोलावणं आहे. सगळ्या जथ्याला.”

मी सांगितलं. माक सू अंगणात कपडे वाळत घालत होती.

“जथ्याला आहे ना? मग येईन. जथ्यात माझा आवाज आहे. त्याला घेऊन येईन, दाराशी ठेवीन, आणि काम झालं की घेऊन जाईन.”

“आणि जेवायला?”

“आवाजाला भूक नसते, हमदान.”

जावळाच्या दिवशी सकाळपासून घरात पिवळ्या चिकट भाताचा वास. ओसरीत पाक उदा उकडलेली अंडी फुलांच्या काड्यांना बांधत होता. हे काम त्याला फार आवडतं, अंडी बोलत नाहीत. मधल्या खोलीत झोळी टांगलेली, त्यात लिंदाची मुलगी, लाल कुंची घातलेली, दोन्ही मुठी आवळून कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी. बायका आल्या. माक सू सगळ्यांत शेवटी. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, उजवीकडे बघितलं. तिथे पूर्वी तबक ठेवलं होतं. मग आत येऊन नेहमीच्या जागी बसली, झोळीच्या त्या बाजूला. ह्या बाजूला माक उदा, हातात झोळीची दोरी.

स्तुती झाली. इमामसाहेबांनी कात्रीनं पहिली बट कापून शहाळ्यात टाकली. एकेक पाहुणा येऊन बट कापून गेला. मग पाळणा सुरू झाला. आईबापाचं ऐक, शिकून मोठी हो, चुलीला आणि पुस्तकाला सारखाच मान दे, अशी नेहमीची कडवी. माक उदा टाकत होती, माक सू उचलत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, दोघी बाळाकडे बघत होत्या. मी दारात उभा राहून अंड्यांच्या टोपल्या सांभाळत होतो आणि मनात म्हणत होतो, हा ह्या दोघींचा शेवटचा पाळणा.

माक उदानं पुढच्या दोन ओळी टाकल्या:

दक्षिणेकडे मोठा सागर,
आमची नदी उथळ फार;

माक सूनं श्वास घेतला. पण तिनं तोंड उघडायच्या आत माक उदा स्वतःच पुढे गेली. असं कधी झालं नव्हतं.

बाळा, सोडू नको हे घर,
मोकळे आहे अजून दार.

बायकांचे हात डफांवर थांबले. चाळीस दिवसांची पोर घर सोडून चालली आहे कुठे? खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की हे बाळ कोणतं. आणि प्रत्येकानं, आमच्या गावच्या रीतीप्रमाणे, न कळल्याचा चेहरा केला.

माक सूनं मान वर केली नाही. झोळीची झालर नीट करत, बारीक आवाजात, ती म्हणाली:

मडके काळे, मडके जुने,
कानाला गेला बारीक तडा;
एकीवाचून गाव ना सुने,
नव्या पाण्याला नवा घडा.

माक उदाचा हात थांबला. दोरी सैल पडली, झोळी दोन हेलकावे घेऊन उभी राहिली. मी तिचा चेहरा बघत होतो. ओठ घट्ट मिटले होते, अगदी तेंपोयाकची बरणी वरच्या फळीवर ठेवताना मिटले होते तसे. नाही म्हणाली. संपलं. तिनं ओसरीकडे नजर टाकली. तिथे पाक उदा एक अंडं हातात धरून बसला होता. बोलून झालं होतं त्याचं.

तेवढ्यात झोळी थांबल्याचं लिंदाच्या मुलीच्या लक्षात आलं. तिनं आधी एक हुंकार देऊन बघितला. मग तोंड उघडलं आणि आजीचा आवाज कुणाकडे गेलाय ते साऱ्या गावाला ऐकवलं.

“उदा, हलव ना!” पाचांपैकी कुणीतरी कुजबुजलं.

माक उदानं दोरी ओढली. झोळी हलली, आणि झोळी हलत असताना गप्प बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. आवाज जरा फाटका निघाला:

जुन्या मडक्याचे पाणी गोड,
तडा असून ना थेंब गळे;

आणि इथे ‘बाळा’ यायला हवं होतं. प्रत्येक पाळण्यात इथे ‘बाळा’ येतं. माक उदानं झोळीवरून पलीकडे बघितलं, सरळ, आणि म्हणाली:

सू, माझ्या गळ्याला दे ना जोड,
एकटीने ना झोळी हले.

नाव घेतलं! पाळण्यात नाव घेतलं! इमामसाहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. गावप्रमुख, ज्यांना काहिलीच्या वेळीसुद्धा नाव घेऊन कुणी दुखवलं नव्हतं, ते आ वासून बघत राहिले. साऱ्या गावाला आडवळणानं बोलायला शिकवणारी बाई भर सभेत सरळ बोलली होती, आणि तीही मोठी असून, धाकटीला, मागणी घालत. तायपिंगच्या काकांनी जे केलं नव्हतं ते तिनं केलं होतं. नकारानंतर पुन्हा विचारलं होतं.

माक सूच्या हातातली झालर चुरगळली. बाळ आता गप्प होऊन दोघींकडे आळीपाळीनं बघत होतं. मग माक सूनं नाक पुसलं, आणि उलटंच केलं. जन्मभर जिनं फक्त शेवटच्या ओळी म्हटल्या तिनं पहिल्या दोन म्हटल्या:

कर्दळ फुलली कुंपणापाशी,
वास नसू दे, रंग तर लाल;

आणि थांबली. शेवट करायचं बहिणीवर सोडून. कर्दळीचं नाव निघताच मी टोपल्या खाली ठेवल्या. तिच्या तोंडून ते फूल त्या मागणीच्या दिवसानंतर कुणी ऐकलं नव्हतं. आता फक्त माक उदानं पुढच्या दोन ओळी म्हणायच्या होत्या. पण माक उदा डोळ्यांना झग्याची बाही लावून बसली होती, आणि ज्या गळ्यानं गावातली सगळी पोरं झोपवली तो गळा ऐनवेळी बंद.

झोळी आपली हलतेय.

तेव्हा माजघराच्या दारातून आवाज आला. बाळंतीण लिंदा, हातात भाताची परात, घामानं डबडबलेली. जिच्या मागणीवरून हे सगळं झालं होतं तिला आजपर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं आपलं न विचारताच म्हटलं:

बोला आता, आई नि मावशी,
पाहुणे उपाशी, भात वाढाल?

असं हसू त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. गावप्रमुख मांडी थोपटायला लागले. पाक उदाच्या हातातलं अंडं सुटून ओसरीवरून अंगणात गेलं, आणि एक कोंबडी घाबरून त्याच्यापासून लांब पळाली. माक सू उठली, लिंदाच्या हातातली परात घेतली आणि म्हणाली, “आण इकडे. ओली बाळंतीण तू, हे वजन उचलतात का? तुझ्या आईला काही कळतं का?”

“सगळं कळतं मला,” माक उदा बाहीतून म्हणाली. “भात सगळा एकाच रांगेत ओतू नकोस, सू.”

आमच्या गावात ह्याला समेट म्हणतात. त्या दिवशी माक सूचा आवाज आणि माक सू, दोघीही पोटभर जेवल्या.

ईद झाली आणि फिर्दौस गाडी घेऊन आला. गुणी मुलगा, पण ह्याच मातीतला. आईनं “नाही रे, मी इथेच बरी” म्हटल्यावर तो काही उठून गेला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा नाही म्हटलं. त्यानं आणखी एकदा विचारलं. शेवटी बिचारा माझ्याकडे आला. “हमदान, खरं ‘नाही’ कोणतं आणि रीतीचं कोणतं, मला कळेना झालंय. तुला काय वाटतं?”

माझ्याआधी तिथे पान लावत बसलेली माक उदाच म्हणाली, “निघताना तुला डबा बांधून देते का ते बघ. डबा दिला तर ‘नाही’ खरं.”

माक सूनं त्याला डबा दिलाच, वर गाडीत एक बरणीही ठेवली. तेंपोयाकची. ती बरणी मी ओळखली, माक उदाच्या वरच्या फळीवरची, झाकणाला चीर गेलेली. आत माल ताजा होता. फिर्दौस काचा उघड्या ठेवून जोहोरपर्यंत गेला. दर दोन महिन्यांनी ती आता पंधरा दिवस त्याच्याकडे जाऊन राहते आणि परत आल्यावर लिफ्टविषयी वाईट बोलते.

माझ्या व्हॅनचं मात्र नुकसान झालं. माक सू आता मधल्या रांगेत, माक उदाच्या अगदी मागे बसते. दोघी एवढ्या वर्षांचं बोलणं उरकताहेत, आणि दोघी एकाच वेळी बोलताहेत. परवा सायोंगला एका जावळाला निघालो होतो. मला काही रस्ता माहीत नव्हता, आणि माक उदाला माहीत होता.

“माक उदा, डावीकडे की उजवीकडे?”

“थांब रे जरा,” माक उदा मागे वळून बसलेली, “सू, मग ती सून काय म्हणाली?”

“म्हणणार काय? तोंड वाकडं केलं.”

“माक सू, तू तरी सांग. फाटा आला.”

“हमदान,” माक सू म्हणाली, “मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये, हे तुझ्या पाळण्यात तुला कुणी सांगितलं नव्हतं का?”

सांगितलं असणार. तिनंच. पण मी झोपलो होतो.

मी सरळ गेलो. रस्ता एका रबराच्या मळ्यात जाऊन संपला. सायोंगचं बाळ आमची वाट बघून बघून झोपून गेलं, आणि त्या दोघींनी त्या झोपलेल्या बाळाला पहिलाच उपदेश केला तो असा, की बाळा, मोठेपणी गाडी चालवशील तर रस्ता आधी विचारून घे. साऱ्या पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अंड्याला लावलेलं कागदी फूल निरखून पाहत राहिलो.